केळीचा घड तोडायचा कोयता

आम्ही लोहार, मूळ कुडाळकडचे, पण मला कोणी गाव विचारलं की मी घाटकोपर सांगते, कारण माझा जन्मच मुळी असल्फाच्या चढावरचा, आणि कुडाळ मी बघितलं ते मे महिन्यात आणि गणपतीत, बस. बाबा गिरणीत होते, साच्यावर कापड विणायला नाही, गिरणीच्या लोहारखान्यात, मशीनचं काही तुटलं-वाकलं की तापवून सरळ करायचं काम. गिरणी बंद पडली तेव्हा आजूबाजूचे कोणी वॉचमन झाले, कोणी गावाला गेले, बाबांनी मात्र गावची ऐरण एस्टीच्या टपावर घालून इथं आणली आणि खोलीपुढे पत्रा टाकून भट्टी लावली. भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानीच्या पट्ट्या आणायच्या आणि त्याचे सुरे, कोयते, विळ्या करायच्या. आई विळीला आडाळो म्हणायची, अजून म्हणते. घेणारे कोण, तर मासळीवाल्या, खाटीक, नारळवाले, वसईकडचे वाडीवाले. तेव्हा हाताने बनवलेली सुरी म्हंजे काही विशेष नव्हतं हो, सुरी हातानेच बनायची, त्यात सांगण्यासारखं काय.

भाता ओढायला मी. आई दुसऱ्यांकडे कामाला जायची, मग बाबांना माणूस कोण, तर मी. आधी भाता, मग सांडशी धरायची, मग घण. शेजारच्या बायका आईला सांगायच्या, पोरीचे हात बघ कसे झालेत, हिला कोण करून घेणार. आई म्हणायची, करील कोणतरी आंधळो. तिची मस्करी होती, पण मला ती लागायची. आणि प्रदीप, माझा भाऊ, माझ्याहून बराच धाकटा, तो आत पलंगावर अभ्यासाला. त्याला धुराने खोकला यायचा. भट्टी पेटली की आई त्याला शेजारच्या काकूंकडे पाठवायची, काकू त्याला चहा-खारी द्यायच्या. मला कोणी खोकला येतो का विचारलं नाही. येत होता.

आता तुम्ही म्हणाल ही बाई इतकी वर्षं झाली तरी खारी धरून बसली. हो, बसलेय. मला त्याचा हेवा वाटतो, तसंच लिहा, बहिणीची माया वगैरे मध्ये घालू नका.

त्या काळात एक हवालदार यायचे भट्टीवर, मालवणकडचे, म्हणून बाबांशी त्यांचं जमायचं. बाबांना त्यांनी एकदा नीट बसवून सांगितलं. पातं नऊ इंचांपेक्षा लांब असेल किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल, तर ते कायद्याने हत्यार, त्याला लायसन लागतं, बनवायला पण आणि विकायला पण. बाबा घाबरले. म्हणाले, अहो साहेब, माझा कोयता तर दोन इंचांपेक्षा रुंदच असतो, मग मी काय, तुरुंगात जायचं? तर म्हणाले, नाही रे, घरकामाचं, शेतीचं, कारखान्याचं असेल त्याला सूट आहे, कोयता केळी तोडायला केलास तर तो कोयता, आणि तोच कोणाची मान तोडायला केलास तर हत्यार. कशासाठी केलंस ते महत्त्वाचं. कोणी पोरगा येऊन तलवार कर, जांबिया कर म्हणाला, की हात जोडायचे. बटण दाबलं की उघडतो तो खटक्याचा चाकू तर बनवायचाच नाही. मी मागे भाता ओढत होते, मी पण ऐकलं, आणि माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. अजून कोणी नवीन माणूस लांब काही मागायला आला की मी विचारते, काय कापणार? तो हसला की समजायचं, वाट लागणार. मी देत नाही.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी बाबांना कावीळ झाली, पडूनच होते, आणि वसईच्या एका वाडीवाल्याला केळीचे घड तोडायला कोयता हवा होता, त्याची घाई होती. मी एकटीने केला. सगळा. पट्टी तापवली, ठोकली, पुढचा बाक काढला, तापलेलं पातं बुडवून पाणी दिलं, मूठ बसवली, धार लावली. शेवटी बाबांचा शिक्का मारायचा, चंद्रकोरीचा, आणि तिथं माझा हात हलला की काय, शिक्का उलटा पडला. कोरीचं तोंड मुठीकडे पाहिजे, ते गेलं टोकाकडे. बाबांनी पडल्या पडल्या कोयता हातात घेतला, इकडून बघितला, तिकडून बघितला, अंगठ्याने धार बघितली, म्हणाले, शिक्का उलटा मारलास. बस, एवढंच. आणि वाडीवाल्याला दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आधी करून ठेवलेला कोयता दिला, माझा आत फळीवर ठेवला. मी विचारलं, का, काय खोट आहे? म्हणाले, राहू दे तो. पुढे कधी त्यांनी काही सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. मला वाटलं, नापास झाले मी.

माझं लग्न झालं, आमचे हे रिक्षा चालवतात, माणूस साधा, सासर पण दोन गल्ल्या सोडून. म्हणून भट्टी सुटली नाही. बाबा गेल्यावर भट्टी मीच चालवली, कारण प्रदीप तेव्हा वांद्र्याला ऑफिसात, टाय लावून. तो म्हणाला, ताई, मला नको ते, तूच घे. मला बरं वाटलं, पहिल्यांदा काहीतरी माझं झालं. जाताना त्याने बाबांची आठवण म्हणून फळीवरचा कोयता नेला. मी जुन्या पेपरात गुंडाळून दिला. नापास झालेला माल, ने बाबा.

मग काय झालं कोण जाणे, ऑफिसात कंटाळला, मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून बघून त्याने नोकरी सोडली आणि अंधेरीला गाळा घेऊन सुऱ्या बनवायला लागला. गॅसची भट्टी, विजेचा घण, धूर नाही काही नाही. लोखंडाचे थर एकावर एक चढवून पात्यावर पाण्याच्या लाटेसारखी नक्षी काढतो. खोटं नाही सांगत, सुंदर असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नखाने खरवडून बघितलं, रंग तर नाही ना. मला ते येत नाही. आणि लोक ते भाजी चिरायला घेतच नाहीत, भिंतीवर लावतात, मखमलीत ठेवतात. माझा सुरा मासळीवाली पाण्यात, खवल्यांत, बर्फात आदळते आणि मोडला की मला शिव्या देते. त्याच्या सुऱ्याला हात लावायच्या आधी माणूस हात पुसतो.

ते पण मी सोसलं असतं. पण एक दिवस आमचे हे पेपर घेऊन आले, म्हणाले, मंदे, तुझ्या भावाचा फोटो आलाय. मी चष्मा लावून वाचलं. त्यात लिहिलेलं, लहानपणी वडिलांच्या भट्टीवर भाता ओढताना त्याच्या हाताला फोड यायचे, आई खोबरेल लावायची. धुरात बसून तो लोखंडाचा रंग ओळखायला शिकला, संत्र्यासारखा झाला की ठोकायचं. अहो, फोड माझे! खोबरेल मला लावलेलं! तो काकूंकडे खारी खात होता! काय सांगू तुम्हाला, कोणी माझं मंगळसूत्र चोरलं असतं तर मी पोलिसात गेले असते, पण हे चोरलेलं कुठे जाऊन सांगायचं? मी फोन लावला. तो म्हणाला, ताई, मी आमच्या घरी असं होतं असं सांगितलं, त्यांनी माझ्या नावावर घातलं. मी म्हटलं, मग दुसऱ्या दिवशी परत फोन करून माझं नाव का नाही घालायला लावलंस? मग म्हणाला, एवढं काय त्यात.

त्यानंतर आमच्या मावशीच्या नातीच्या साखरपुड्याला मुलुंडला सगळे जमलेले. प्रदीप मोबाईलवर सगळ्यांना दाखवत होता, एक जांबिया केलेला, दोन्ही बाजूंनी धार, मूठ शिंगासारखी, पातं हातभर. जयपूरचा कोणी शौकीन घेणार म्हणे. सगळे वा वा करत होते, आई तर मोबाईल सोडेना. मी तिथं सगळ्यांदेखत म्हटलं, हे नऊ इंचांच्या वर आहे, हे कापायचं काय आहे ते सांग. तो हसून म्हणाला, ताई, हे कलेक्टर्ससाठी आहे, शोभेचं. मी म्हटलं, शोभेचं म्हणून कायद्यात सूट नाही, बघ, एक दिवस पोलीस येतील तुझ्या दारात. आवाज माझा मोठाच आहे, घणामुळे कानच तसे झालेत. त्याची बायको म्हणाली, ताईंना नाही बघवत.

आणि आले ना पोलीस.

जांबिया कुरिअरने पाठवलेला, कुरिअरच्या मशीनमध्ये तो दिसला, त्यांनी कळवलं, पोलीस पत्ता काढत अंधेरीच्या गाळ्यावर. प्रदीपला घेऊन गेले, गाळ्याला सील, भिंतीवरचं सगळं पंचनामा करून उचललं. पण हे कुरिअरचं नंतर कळलं. तेव्हा सगळ्यांना एकच ठाऊक, मंदाने साखरपुड्यात काय म्हटलं. मला मावशीचा फोन, मामेभावाचा फोन, कोणी सरळ बोललं नाही, पण प्रत्येकाच्या आवाजात ते होतं. मग आई आली. आई प्रदीपकडे राहते, गुडघे गेलेत तिचे, तरी रिक्षा करून असल्फाचा चढ चढून आली, भट्टीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मंदा, तू सांगलंस काय गो पोलिसांक? खरा सांग माका.

मी म्हटलं, आई, बस आधी.

माका बसूचा नाय. खरा सांग.

मी म्हटलं, नाही सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला समजलं हिला पटलेलं नाही. स्वतःच्या आईला पटू नये? ती दोन दिवस जेवली नव्हती त्याच्यासाठी. मला टायफॉइड झालेला तेव्हा ही जेवत होती, मला आठवतं. हसू नका, खरंच तेव्हा माझ्या मनात हेच आलं. आणि दुसरं पण आलं, सांगते, पोलिसांनी पण त्यालाच नेलं. इंटरनेटवर लोक लिहायला लागले, कलाकाराला कशाला त्रास देता, कायदा जुना झाला, वगैरे. म्हंजे अटक झाली तरी कौतुक त्याचंच. मी इतकी वर्षं कायद्याने वागले, मला एक माणूस शाब्बास म्हणाला नाही.

त्याला जामीन मिळाला आणि दोन-चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. किती वर्षांनी भट्टीवर आला होता. दाढी वाढलेली, डोळे आत. मी हातातलं काम सोडलं नाही. तो खोकायला लागला, तेव्हा मी भट्टी जरा विझवली.

म्हणाला, ताई, तू सांगितलंस की नाही ते मी विचारायला आलो नाही.

मी म्हटलं, विचार. विचारूनच टाक.

तो म्हणाला, नाही विचारणार. मला माहीत आहे तू तोंडावर बोलतेस, मागून नाही.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं पण, पण लगेच वाटलं, बघ, इथं पण मोठेपणा याचाच.

मग त्याने सांगितलं. जांबियाचं तर आता कोर्टात काय ते होईल, चूक त्याचीच. स्वयंपाकाच्या सुऱ्या परत मिळतील असं त्याच्या वकीलबाई म्हणाल्या होत्या, त्या घरकामाच्या आहेत हे उघड दिसतं. अडलं होतं ते कोयत्यावर. फळीवरचा तो कोयता त्याने गाळ्यात मधोमध लावलेला, काचेच्या पेटीत, आणि खाली पाटी लिहिलेली, कोकणच्या लढवय्यांचं पातं, वडिलांच्या हातचं. इंटरनेटवर पण तेच घातलेलं. आता पोलीस म्हणत होते, तूच लिहिलंयस की हे लढाईचं आहे, मग ही शेतीची वस्तू कशी? रुंदी दोन इंचांच्या वर. म्हंजे जांबिया एक आणि हे दुसरं, हत्यारं विकायचाच धंदा आहे याचा, असं दिसायला लागलं. तो म्हणाला, ताई, बाबा तर नाहीत, पण तू तिथं असायचीस, बाबांनी तो केळीसाठी केला होता एवढं तू जबाबात सांगशील का?

मी हातोडा खाली ठेवला. मी म्हटलं, बाबांनी केला? शिक्का बघितलास कधी त्यावरचा?

म्हणाला, हो, उलटा आहे. बाबांची खास वस्तू म्हणून मुद्दाम उलटा मारलाय, असं मी लोकांना सांगतो.

मला हसावं का रडावं कळेना. मी म्हटलं, गाढवा, तो मी केलाय. शिक्का उलटा माझ्या हातून पडलाय. तुझ्या लढवय्यांनी त्या कोयत्याने वसईची केळी पण तोडली नाहीत, तो आपला फळीवर पडून होता.

तो म्हणाला, आईने मला कायम सांगितलं बाबांचा आहे. मी म्हटलं, आईला काय माहीत, ती कामावर असायची.

घरी आमचे हे म्हणाले, मंदे, तू यात पडू नकोस. मी बनवला म्हणून सही करशील, आणि उद्या ते तुझ्या भट्टीवर येऊन उभे राहतील, तुझ्याकडे पण रुंद कोयते आहेत. त्यांचं चूक नव्हतं. भट्टीला सील लागलं तर आमच्याकडे दुसरं काय, यांची रिक्षा किती दिवस चालणार. मी दोन दिवस विचार केला. मला वाटतं लोकांना असं वाटतं की मी भावासाठी गेले. आई तर सगळीकडे सांगते, कशी असली तरी बहीण ती. पण मी खरं सांगते तुम्हाला, मला राहवेना ते वेगळ्याच गोष्टीने. तो कोयता पोलिसांच्या कागदावर बाबांचा म्हणून जाणार, कोर्टात बाबांचा म्हणून जाणार, आणि मग कायमचा तो तसाच राहणार. फोड गेले, खोबरेल गेलं, आता कोयता पण? तो नाही मी जाऊ देणार. यांना म्हटलं, रिक्षा काढा, अंधेरीला जायचंय.

पोलीस स्टेशनात एक तरुण फौजदारबाई होत्या, टाइप करत होत्या. नाव विचारलं, वय विचारलं, आणि मी काही सांगायच्या आत धंद्यापुढे त्यांनी घरकाम टाइप केलं. मी म्हटलं, मॅडम, ते खोडा. लोहारकाम लिहा. त्यांनी वर बघितलं, बरं म्हणाल्या, खोडलं, लिहिलं. कोयता समोर ठेवला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लाखेचं सील लावून. माझ्या हाताला तो लागून किती वर्षं झाली होती. मी म्हटलं, हा मी केलाय, केळीचा घड तोडायला, बाक बघा, देठाखाली घालून ओढायचा असतो, आणि शिक्का उलटा आहे तो माझी चूक आहे. त्यांनी विचारलं, वडील काय म्हणाले होते? मी म्हटलं, वडील म्हणाले, राहू दे तो. त्या म्हणाल्या, हे लिहू का? मी म्हटलं, लिहा. शेवटी त्यांनी सगळं वाचून दाखवलं. सदर कोयता मी स्वतः बनविला आहे. काय वाक्य आहे हो ते! मी त्यांना म्हटलं, परत एकदा वाचा. त्यांना वाटलं मला ऐकू नाही आलं. मोठ्याने वाचलं, बाकावरचे लोक पण वळून बघायला लागले. बाहेर प्रदीप उभा होता, तो आत बघत होता. वळून बघितलं त्यांनी माझ्याकडे, त्याच्याकडे नाही.

भट्टीवर माझ्या एकदा आले पोलीस, सगळं बघितलं, मासळीचे सुरे, नारळाचे कोयते, एक विळी विकत घेऊन गेले. बस.

कोयता सुटला, कोर्टातून परत मिळाला. जांबियाची केस अजून चालूच आहे, तारखा पडतात. प्रदीप आता नऊ इंचांच्या आतलंच करतो, फक्त स्वयंपाकाचं, प्रत्येक सुरीबरोबर चिठ्ठी देतो की ही कशासाठी आहे. मला वाटलं होतं आता याचा धंदा बसेल. बसला नाही, वाढला. मोठ्या हॉटेलांचे आचारी येतात, जुहूचे, वांद्र्याचे. कोयता त्याने परत पेटीत लावला आणि पाटी बदलली, आता त्यावर लिहिलंय, माझी बहीण मंदा हिने केलेला, केळीसाठी. मी जाऊन बघून आले, चोरून नाही, सरळ गेले. चांगली मोठी अक्षरं आहेत. लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात, बहिणीची गोष्ट विचारतात, तो सांगतो, लोकांचे डोळे भरून येतात आणि मग ते काय करतात, तर त्याच्याकडून सुरी घेतात. म्हंजे बघा, माझं नाव लागलं, तरी गल्ला त्याचाच!

मला म्हणाला, ताई, तू पण इथं ये, बसत जा, लोकांना भेट. मी म्हटलं, मला भट्टी आहे. बाबांनी तो कोयता चांगला झाला म्हणून ठेवला की वाईट झाला म्हणून, ते काही मला आता कळणार नाही, आईला विचारून पण फायदा नाही, ती मला बरं वाटेल तेच सांगेल, आजकाल तशी झालीय ती. येते मधूनमधून, बसते इथं, धुरात खोकते.

माझे हात अजून चालतात, मासळीवाल्या अजून शिव्या देतात, हे दुपारी जेवायला घरी येतात, चाललंय. प्रदीपचं म्हणाल तर माझा काही राग नाही त्याच्यावर. रोज संध्याकाळी दिवा लावते तेव्हा त्याचं नाव पण घेते, त्याला सुखी ठेव म्हणते, केसमधून सोडव म्हणते. फक्त शेवटी हळूच एवढं म्हणते, देवा, जरा बेतानेच.